‘छुपे खर्च’ या तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात तुम्हा दोघांना तीन तास ताटकळावं लागलं आणि त्या आठवड्यात आमचा ऑफिसचा फोन दोनदा उचलला गेला नाही, याबद्दल मनापासून माफी मागतो. फोनची पक्की व्यवस्था करायचं आम्ही मनावर घेतलं आहे.

पण पुढे तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडवरचा फ्लॅट १ कोटी २० लाखांना ठरला आणि एजंटने वर साडेदहा लाखांचे छुपे खर्च काढले. मुलुंडला तुमच्या मेहुण्यांना ६ टक्के स्टॅम्प ड्युटी लागली, आम्ही ७ टक्के लावली. महिलांची सवलत मिळवून दिली नाही. टीडीएससुद्धा तुमच्याच खिशातून भरायला लावला. आणि शेवटी ‘फसवणूक’ हा शब्द. साहेब, तो शब्द फार लागला. रिसेलच्या धंद्यात नावाशिवाय दुसरं भांडवल नसतं, आणि उद्या ठाण्यात घर शोधणारा कोणी आमची माहिती बघेल तेव्हा त्याला आधी तुमचा हा शब्द दिसणार. म्हणून लांबलं तरी चालेल, पण हिशोब इथेच सगळ्यांसमोर मांडतो.

टोकन घेण्याआधी आम्ही प्रत्येक ग्राहकाला एक पानी खर्चपत्रक देतो, तसं तुम्हालाही दिलं. त्यात दोन रकाने आहेत. डावीकडे ‘फक्त पत्नीच्या नावे’, उजवीकडे ‘दोघांच्या नावे’. स्टॅम्प ड्युटीच्या ओळीत डावीकडे ७,२०,००० आणि उजवीकडे ८,४०,००० लिहिलेत. खाली तुमची आणि वहिनींची सही आहे, आणि ते पान टोकनच्या पावतीला टाचलेलं आहे. तुमच्या फाइलमध्ये पावतीच्या मागेच सापडेल. सही केलेल्या कागदावरचा खर्च छुपा कसा, एवढं कृपया सांगा.

आता मुलुंडचं. मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत येतं. तिथे मूळ मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि मेट्रोचा अधिभार १ टक्का, असे ६ होतात. चेकनाका ओलांडला की ठाणे महापालिकेची हद्द लागते. इथे मूळ ५, स्थानिक संस्थेचा अधिभार १ आणि मेट्रोचा १, असे ७ टक्के. मेट्रोचा अधिभार १ एप्रिल २०२२ पासून सुरू झाला, आणि तो तुमच्या इमारतीजवळ मेट्रोचं स्टेशन आहे की नाही हे बघून लागत नाही. पालिकेच्या हद्दीत घर आहे ना, मग लागतो. मेहुण्यांचं घर आणि तुमचं घर यांत अंतर थोडंसंच असेल, पण १ कोटी २० लाखांवर त्या एका टक्क्याचे १,२०,००० होतात आणि ते थेट सरकारी तिजोरीत जातात. चलन तुमच्या नावाचं आहे, पैसे तुमच्या खात्यातून गेलेत. आमच्या हातातून त्यातला एक रुपयाही गेलेला नाही.

शिवाय हे शुल्क करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरचं मूल्य (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने येणारी किंमत) यांत जे जास्त असेल त्यावर लागतं. तुमच्या बाबतीत करारातली किंमत जास्त होती. मूल्यांकन आम्ही आधीच काढून पत्रकाच्या मागे जोडलं होतं, कारण रेकनरचं मूल्य वर गेलं तर ऐनवेळी शुल्क वाढतं आणि मग खरंच माणसाची धांदल उडते.

महिलांच्या सवलतीचं तर जास्तच वाईट वाटलं, कारण ती मिळावी म्हणून धडपड आमचीच होती. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही ही अट आधी होती, ती २०२३ मध्ये काढली. पण मुख्य अट कायम आहे: खरेदीदार फक्त स्त्री किंवा स्त्रियाच हव्यात. नवऱ्याचं नाव सोबत आलं की सूट गेली. अर्धीमुर्धी मिळते असंही नाही, पूर्ण जाते.

म्हणून आम्ही करारनामा फक्त वहिनींच्या नावे तयार केला. ७,२०,००० चं चलन भरलं गेलं, नोंदणीच्या पोर्टलवर डेटा एंट्री झाली, सकाळची वेळ आरक्षित झाली. आदल्या दिवशी संध्याकाळी तुमचा फोन आला की दोघांची नावं लावा. घर तुमचं, निर्णय तुमचा. आणि तो निर्णय चुकीचा होता असं मी मुळीच म्हणत नाही. कर्जात तुम्ही सहकर्जदार असलात तरी मालक म्हणून नाव नसेल तर जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट तुम्हाला मिळत नाही. हप्ता प्रामुख्याने तुमच्या पगारातून जाणार असेल तर नाव असण्यात अर्थ आहे. हा मुद्दा पहिल्याच बैठकीत बोलून झाला होता, दोन रकाने त्यासाठीच केले होते.

पण एक नाव वाढलं म्हणजे काय काय बदलतं ते इथे लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल. करारातला खरेदीदाराचा परिच्छेद बदलतो, पुढे जिथे जिथे एकवचन आहे तिथे सगळीकडे अनेकवचन करावं लागतं. पॅन आणि आधारच्या प्रती नव्याने जोडायच्या. डेटा एंट्री पुन्हा करायची, तिचा अकरा अंकी क्रमांक नवा येतो. फरकाच्या १,२०,००० चं दुसरं चलन काढायचं. टीडीएसची विभागणी बदलते. बँकेच्या मंजुरीपत्रात दोघं आधीपासून होतात म्हणून तिथे वाचलो, नाहीतर बँकेकडून सुधारित पत्र यायला आणखी काही दिवस गेले असते. आमच्या वकिलांनी रात्री बसून करार दुरुस्त केला. सकाळची आरक्षित वेळ मात्र जुन्या क्रमांकावर होती, ती गेली, आणि आपल्याला रांगेत बसावं लागलं. ते तीन तास इथे गेले, साहेब. मी त्याबद्दल माफी मागितलीच आहे, पण कारण अभिप्रायात यायला हवं होतं.

टीडीएसबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज होतो, म्हणून नीट सांगतो. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर असेल तर खरेदीदाराने किमतीच्या १ टक्का रक्कम विक्रेत्याच्या पैशांतून कापून आयकर खात्यात भरायची असते. तुमचे १,२०,००० त्या १ कोटी २० लाखांतलेच आहेत. विक्रेत्यांच्या हातात तेवढे कमी पडले. तुमचा खर्च त्याने एक रुपयाने वाढला नाही. फॉर्म चार भरावे लागले, कारण विक्रेते दोघं आणि खरेदीदारही दोघं, आणि प्रत्येक जोडीचा फॉर्म वेगळा, ३०,००० चा एक. वहिनी एकट्याच असत्या तर दोन फॉर्ममध्ये भागलं असतं. विक्रेत्यांचा पॅन आधारशी जोडलेला आहे का, हेही आम्ही टोकनच्या आधी तपासलं. पॅन निष्क्रिय निघाला तर १ च्या जागी २० टक्के कापावे लागतात आणि सौदा तिथेच अडतो.

आता तुमच्या साडेदहा लाखांची बेरीज. स्टॅम्प ड्युटी ८,४०,०००. नोंदणी फी ३०,०००, जी ३० लाखांवरच्या घरांना तेवढीच राहते. वकिलांची टायटल सर्च (मालकीच्या कागदांची तपासणी) आणि करारनाम्याची फी २०,०००. बँकेचं प्रोसेसिंग जीएसटीसह ५,९००. सोसायटीच्या हस्तांतरण शुल्कातला तुमचा अर्धा वाटा १२,५००. आमची दलाली १ टक्का म्हणजे १,२०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २१,६००. एकूण १०,५०,०००. दस्ताच्या पानांप्रमाणे हाताळणी शुल्क लागतं, ते आम्ही परस्पर भरलं आणि तुमच्याकडे मागितलं नाही. या सगळ्यात आमच्या घरी आले ते १,२०,०००. ते अडीच महिन्यांच्या कामाचे आहेत.

हे काम दिसत नाही, म्हणून त्याची किंमतही दिसत नसावी. सोसायटीचंच बघा. हस्तांतरण प्रीमियम महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० घेता येतो, ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ती मर्यादा घातली आहे. तुमच्या सोसायटीच्या समितीने त्याशिवाय ‘विकास निधी’ म्हणून १ लाख मागितले होते. आम्ही शासन आदेशाची प्रत जोडून लेखी पत्र दिलं, समितीच्या दोन बैठकांना जाऊन बसलो, आणि ती मागणी मागे घ्यायला लावली. ते लाख रुपये तुमच्या अभिप्रायात कुठेच नाहीत, कारण ते तुम्हाला द्यावेच लागले नाहीत.

तसंच जीएसटीचं. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण होऊन राहायला परवानगी असल्याचा पालिकेचा दाखला) आहे आणि फ्लॅट रिसेलचा आहे, म्हणून घराच्या किमतीवर जीएसटी शून्य लागला. याच किमतीचा फ्लॅट चालू बांधकामात घेतला असतात तर ५ टक्के म्हणजे ६ लाख आणखी गेले असते. कोलशेतच्या नव्या प्रकल्पात तुमचं मन गुंतलं होतं तेव्हा हे आम्हीच सांगितलं होतं.

ऐनवेळी पैशांची जमवाजमव करावी लागली, असंही तुम्ही लिहिलंय. ७५ लाखांवरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, आणि त्या किमतीत बँक स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी धरत नाही. म्हणजे ९० लाख बँकेचे, ३० लाख तुमचे, आणि वरचा खर्च पूर्ण स्वतःचा. पत्रकाच्या तळाशी ‘स्वतःजवळ लागणारी रक्कम’ अशी वेगळी ओळ आहे आणि उजव्या रकान्यात तिथे ४०,५०,००० आहेत. तुम्ही ३० लाखांचीच तयारी केलीत, हे आम्हाला नोंदणीच्या आठवड्यात कळलं. इथून पुढे ही ओळ ठळक छापू, आणि सहीच्या आधी तोंडी वाचूनही दाखवू.

आम्ही महारेरा (घरांच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणीकृत एजंट आहोत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेलं आहे, नोंदणी क्रमांक दारावरच्या पाटीवर आणि पावतीवरही आहे. काम आवडलं नाही, फोन उचलला नाही, असं जरूर लिहा, तारे कमी द्या. पण वरचा हिशोब पत्रकाशी ताडून बघा आणि त्यात एका रुपयाचा फरक निघाला नाही तर ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा काढा, ही हात जोडून विनंती आहे.

तुमची काही कामं अजून आमच्याकडे आहेत आणि ती ठरल्याप्रमाणे होतील, त्याचे वेगळे पैसे नाहीत. इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या सरकारी उताऱ्याची, प्रत तयार आहे. शेअर सर्टिफिकेटवर नावं चढवण्याचा अर्ज सोसायटीकडे दिलाय, समितीच्या पुढच्या बैठकीत ठराव होईल. महावितरणच्या मीटरवर आणि पालिकेच्या मालमत्ता करावर नाव बदलायला दोघांच्या सह्या लागतील, मागच्या मालकांनी शेवटचं भरलेलं बिल आम्ही मागवून ठेवलंय. बँकेच्या कर्जाची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर बँकेकडे तारण ठेवल्याची निबंधक कार्यालयाला द्यायची सूचना, मूळ कागद बँकेत जमा झाल्यापासून ३० दिवसांत दाखल करावी लागते, तिची मुदत जवळ आली आहे. ती ऑनलाइन करायची असेल तर वहिनींचा आधारशी जोडलेला मोबाइल जवळ ठेवून शनिवारी सकाळी दोघंही ऑफिसला या.