सर्व्हर रेंडरिंगचा यथासांग विधी

सोलापुरातल्या एखाद्या चादर-टॉवेलच्या घाऊक व्यापाऱ्याने दरपत्रक संकेतस्थळावर टाकण्याचे काम आपल्याला दिले, तर एक साधी एचटीएमएल फाइल करून मोकळे होण्याचा मोह आवरावा. तेवढ्यावर गिऱ्हाइकाला दर दिसतील हे खरे, पण आपल्या विद्वत्तेला वाव राहणार नाही. आधी सगळे रिअॅक्टमध्ये, म्हणजे पाने बांधण्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, लिहावे आणि ब्राउझरकडे रिकामा डिव्ह, म्हणजे नुसती कोरी चौकट, पाठवावा; आतला मजकूर जावास्क्रिप्ट उतरल्यावर ब्राउझरनेच भरावा. पान बराच वेळ कोरेच राहते अशी ओरड चाटी गल्लीच्या बाजारातून झाली, की मग तेच कॉम्पोनंट (पानाचे तुकडे) सर्व्हरवर रेंडर करून, म्हणजे त्यांचे तयार एचटीएमएल बनवून, द्यावेत आणि त्याचे बिल वेगळे लावावे.

आता दर चटकन दिसतील. 'ऑर्डर द्या' हे बटणही दिसेल. जावास्क्रिप्ट उतरून हायड्रेशन (तयार एचटीएमएलला रिअॅक्टने जोडून घेऊन जिवंत करणे) होईपर्यंत ते दाबून काही घडत नाही, पण तो दोष गिऱ्हाइकाच्या उतावीळपणाचा मानावा.

रकमा आणि तारखा छापताना लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने लिहायचे ते) व टाइमझोन सांगत बसू नये. म्हणजे सर्व्हर अमेरिकी वळणाने १२५,००० लिहील, गिऱ्हाइकाचा ब्राउझर १,२५,००० लिहील, आणि यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालणारा सर्व्हर पहाटे साडेपाचपर्यंत 'आजचा दर' या मथळ्याखाली कालची तारीख देईल. मजकूर असा जुळला नाही, की रिअॅक्ट १८ सर्व्हरचे एचटीएमएल, निदान जवळच्या सस्पेन्सपर्यंतचे (पानाचा एक भाग वेगळा राखणाऱ्या रिअॅक्टच्या कुंपणापर्यंतचे), टाकून देऊन तेवढा भाग ब्राउझरमध्ये नव्याने रेंडर करते. सर्व्हरचे भाडे मात्र व्यापारी भरतच असतो. ब्राउझरच्या कन्सोलमधला (प्रोग्रामरसाठीच्या नोंदवहीतला) याबद्दलचा इशारा डोळ्यांना खुपत असेल, तर सप्रेसहायड्रेशनवॉर्निंग लावावे. इशारा जातो आणि चुकीची तारीख सुखाने जागेवर राहते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गिऱ्हाइकाची बास्केट ग्लोबल व्हेरिएबलमध्येच, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला सामाईक असलेल्या कप्प्यात, ठेवावी. ब्राउझरमध्ये प्रत्येकाचे व्हेरिएबल आपापले असते आणि सर्व्हरवर एकच प्रोसेस अनेकांना पाने वाढत असते, असल्या बारकाव्यांत शिरू नये. त्यामुळे पूर्व भागातल्या दुकानदाराने निवडलेले दोनशे टेरी टॉवेल होटगी रस्त्यावरच्या एखाद्या गृहिणीच्या पानावर उमटतील. त्या बाईंनी फोन केलाच, तर पान एकदा रिफ्रेश करा, असे अदबीने सांगावे. तोवर बास्केटीत तिसऱ्याच कुणाच्या चादरी आलेल्या असतील.