गाडी उठत नाही, आणि दोष सगळा इथेनॉलचा?

गेले पंधरा दिवस एक मजकूर आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांकडे मोटरसायकलच नाही. मजकूर थोडक्यात असा: जुनी मोटरसायकल झटके मारत असेल, सुरू होत नसेल, तर इथेनॉलने तिची वाट लावली म्हणून समजा. प्लग बदला, चोक (हवा कमी करणारी कळ) ओढून पंधरा-वीस किक मारा, नवी बॅटरी बसवा, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करत बसू नका, सरळ बदला. टाकीत दोन डांबरगोळ्या टाका. एवढं करूनही उठली नाही तर इंजिन गेलं, भंगारात द्या.

माझ्याकडे बाबांची १९९२ सालची हीरो होंडा सीडी १०० मोटरसायकल आहे. वरच्यातले काही उपाय मी स्वतः पैसे मोजून करून बसलोय. त्यामुळे थोडं बोलतो.

आधी इथेनॉल. पंपावर आता जे मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या गाडीला मानवतं असं मी मुळीच म्हणणार नाही. इथेनॉल पाणी धरतं. जुन्या रबरी नळ्या, ओ-रिंगा त्याने फुगतात. शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते: एक किलो साध्या पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरला हे कोण सांगणार? तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडत राहतो आणि इंजिनाला ते जरा कमी पडतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी चोक जास्त वेळ ठेवावा लागतो, स्लोवर (रेस न देता) गाडी डगमगते, अॅव्हरेज उतरतं. किती उतरतं? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली आहे. म्हणजे साठ देणारी गाडी अठ्ठावन्न देईल. पण काल संध्याकाळी नीट घरी आलेली गाडी आज सकाळी हूं की चूं करत नाही, ते या दोन किलोमीटरमुळे नाही.

पाण्याचं मात्र खरं आहे. पाणी ठरावीक मापापलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी हातमिळवणी करतं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात. पावसाळाभर अंगणात उभी राहिलेली गाडी रिझर्व्हवर टाकली की हाच तळ कार्बोरेटरमध्ये येतो. पण हे ओळखायला ग्रुपवर विचारायची गरज नाही. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करा, येईल ते काचेच्या बरणीत धरा, दोन मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर किंवा थेंब दिसले तर टाकी रिकामी करा. नाही दिसले तर इथेनॉलला सोडा आणि पुढे बघा.

प्लग बदला म्हणतात. अहो, आधी तो उघडून वाचा तरी! दहा किक मारून प्लग काढा. कोरडा निघाला तर पेट्रोल वर पोचतच नाहीये: कॉक, नळी, वाटीतली सुई बघा. ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाहीये. मग प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवा आणि किक मारा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर मग खुशाल नवा प्लग लावून बघा. हे करताना सांडलेलं पेट्रोल आधी पुसा, आणि कॅप हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका, कॉइल जाऊ शकते.

चोक ओढून वीस किक मारल्या की काय होतं? प्लग पेट्रोलने न्हातो आणि उठायच्या बेतात असलेली गाडीही उठत नाही. असं झालंच तर चोक बंद, रेस पूर्ण उघडी, आणि पाच-सात किक.

बॅटरी: जुन्या शंभर सीसी गाड्यांत बहुतेकदा ठिणगीचा करंट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या छोट्या जनित्राच्या, कॉइलमधून येतो. बॅटरी मेली तर हॉर्न वाजणार नाही. किकला तिची गरज नाही.

डांबरगोळ्यांबद्दल काय बोलायचं! पेट्रोल उडून गेलं की मागे स्फटिक उरतात, आणि कार्बोरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचं, भोक सुईच्या अग्राएवढं. ज्याला कार्बोरेटर तुंबवायचाच आहे त्याने जरूर टाकाव्यात.

आता कार्बोरेटर. चोक ओढला तरच गाडी चालते, सोडला की बंद, हे लक्षण बहुधा स्लो जेटमधल्या कचऱ्याचं असतं. जेट काढून हवा मारली की काम झालं. तरीही तेच होत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. स्लो बदलला तर हवा तिथून शिरतेय. तिथली ओ-रिंग बदला. पाच-सहा किलोमीटर नीट चालून मग बंद पडणारी, आणि टाकीचं झाकण उघडलं की फुस्स होऊन परत सुरू होणारी गाडीही पाहिलीय. तिच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं होतं. तिलाही मालकाने नवा कार्बोरेटर घातला होता.

हसण्याचा अधिकार मला नाही, कारण मीही सियागंजातून अठराशे रुपयांना एक आणला.

गाडी सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या किकला उठायची. राजवाड्यापर्यंत जायची. परतताना भंवरकुआंच्या सिग्नलला बंद पडायची आणि अर्धा तास उभी राहून गार झाल्याशिवाय उठायची नाही. नव्या कार्बोरेटरनेही तेच. शेवटी एका दुपारी तिथेच रस्त्याच्या कडेला प्लग काढला. ओला. ठिणगी निळी. म्हणजे पेट्रोल आहे, करंट आहे, कॉइल गरम होऊन दगा देत नाही. मग तिसरी गोष्ट उरते, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. प्लग काढायच्या आधीच पायाला कळायला हवं होतं: किक हलकी जात होती, जशी रिकामी बादली विहिरीतून वर यावी.

हाच क्षण, जिथे मजकूर म्हणतो की इंजिन गेलं. पण इंजिन गेलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी मीच एका मेकॅनिकला सांगितलं होतं, "टॅपेटचा आवाज फार येतोय, बंद करून द्या." त्याने दिला. गाडी कशी मांजरासारखी चालायला लागली, मी खूश. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवा आत घेणारी आणि धूर सोडणारी झडप) आपल्या बैठकीत झिजत आत बसतो, त्यामुळे टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली, फट वर्षानुवर्षं आपोआपच कमी होत येते. वरून मी ती आणखी आवळायला लावली. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन सायलेन्सरमधून निघून जातं.

इलाज: गाडी रात्रभर गार. डाव्या झाकणाच्या खिडकीतून मॅग्नेटोवरची 'टी' खूण जुळवायची. दोन्ही रॉकर हलले तर ठीक, नाहीतर आणखी एक फेरा. मग फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) माहितीपत्रकातल्या मापाची फट. जिथे याने फरक पडत नाही तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत किक मारून बघा. जोर वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. दोन्ही दुरुस्त होतात.

"फिल इट, शट इट, फर्गेट इट" हे या गाडीच्या जाहिरातीचं वाक्य बाबांना तोंडपाठ होतं. टॅपेट विसरा असं त्यात कुठे म्हटलं नव्हतं, ते आम्ही आमच्या मनाने घातलं.

गेल्या रविवारी सिमरोलच्या घाटातून जाऊन आलो. टॅपेट बारीक टिकटिकतात. जुनाच कार्बोरेटर परत बसवलाय. नवा फळीवर आहे, जेमतेम दोनशे किलोमीटर चाललेला. सीडी १०० साठी खरंच कुणाला लागत असेल, तर बाराशेला देईन. पण आधी प्लग काढून बघून या.