चौथ्या सीटवरची व्युत्पत्ती

तीन माणसांच्या बाकावर तीन माणसं बसलेली दिसली, की तिथे एक जागा रिकामी आहे असं समजायचं. लोकलचं हे गणित ज्याला कळत नाही, तो ठाणे ते सीएसएमटी उभ्यानं जातो. मला कळायला सहा महिने लागले, आणि तेही एका आजोबांनी माझ्या काखेखालून जाऊन ती जागा घेतली तेव्हा.

ही चौथी जागा बाकावर नसते, एका शब्दात असते. "जरा ॲडजस्ट करा." म्हणताना आवाज मऊ ठेवायचा, पण बोटांनी तिसऱ्याच्या गुडघ्यावर दोनदा टकटक आधीच झालेली असली पाहिजे. मग बाकावर हालचाल सुरू होते. खिडकीवाला सरकत नाही, कारण सरकायला तिथे डब्याचा पत्रा आहे. पण तो श्वास आत घेतो, पेपरची आणखी एक घडी घालतो आणि आपण सर्वस्व दिलं असा चेहरा करतो. दुसरा खांदे पुढे घेऊन पुस्तकासारखा मिटतो. खरं काय ते तिसरा देतो, तेही मनाविरुद्ध, चार बोटं. त्या चार बोटांवर आपण बुडाचा एक भाग टेकवायचा, दुसरा परमेश्वरावर सोडायचा, आणि एक पाय वाटेत रोवून ठेवायचा. मुलुंडला ब्रेक लागला की हा पाय आपला आणि कांजूरला लोंढा चढला की तो सार्वजनिक.

पोटासाठी मी इंग्रजी माहितीपत्रकं मराठीत करतो. परवा विम्याचं एक आलं. आठ पानं, आणि त्यात ॲडजस्ट हा शब्द अकरा वेळा. जादा भरलेली रक्कम पुढच्या हप्त्यात ॲडजस्ट होईल, म्हणजे वळती होईल. दाव्याची रक्कम घसारा धरून ॲडजस्ट केली जाईल, म्हणजे कापली जाईल. गाडी चालवण्यापूर्वी आरसा ॲडजस्ट करावा, म्हणजे स्वतःला दिसेल असा फिरवावा. आणि अपघात झालाच तर लॉस ॲडजस्टर भेट देतील. नुकसान जुळवणारे? नुकसान बसवणारे? मी 'नुकसान निश्चिती अधिकारी' असं लिहिलं आणि तेवढ्यापुरता मोठा झालो. पण अकरा ठिकाणी सात वेगळे मराठी शब्द पडले आणि आपण कुणाला तरी फसवतोय असं वाटायला लागलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी चौथ्या सीटवरून मोबाइलवर शब्दाचं मूळ काढलं. कोपर हलवायला वाव नसल्यामुळे फोन नाकासमोर उभा धरावा लागतो, आणि मागे उभे असलेले दोघंजण आपल्याबरोबर वाचतात. त्यामुळे पुढचं संशोधन तिघांचं आहे.

माझी समजूत अशी होती की ॲडजस्टमध्ये जस्ट आहे, म्हणजे न्याय आहे. लॅटिनमध्ये युस्तुस म्हणजे न्याय्य. चौघांना सारखं मिळावं म्हणून ॲडजस्ट. ही समजूत साफ चुकीची निघाली. बरं वाटलं इतकंच, की हीच चूक युरोपातल्या लोकांनीही शेकडो वर्षं केली आहे, आणि तिचा रंग शब्दाच्या रूपालाही लागला आणि अर्थालाही. मूळ शब्द आहे लॅटिन युक्स्ता, म्हणजे शेजारी, अगदी लगत. त्याला आद हा उपसर्ग लागून उत्तरकालीन लॅटिनमध्ये क्रियापद झालं त्याचा अर्थ जवळ आणणे. न्याय वगैरे काही नाही. नुसतं जवळ आणणे, लगटून बसवणे. भांडुप यायच्या आत मला दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन माणूस तिसऱ्याच्या गुडघ्यावर बोटं वाजवताना दिसायला लागला.

पुढे जुन्या फ्रेंचमधून शब्द इंग्रजीत आला. खुद्द फ्रेंचमध्ये त्याचं जे आजचं रूप आहे, आजुते, त्याचा अर्थ आहे भर घालणे, वाढवणे. तीन अधिक एक. विक्रोळीला ही ओळ वाचून मागचे एकजण "बरोबर आहे" असं म्हणाले. ते कालपासून उभेच असावेत असा त्यांचा चेहरा होता.

आता यातली खरी गंमत. त्याच युक्स्तापासून फ्रेंचमार्गेच इंग्रजीत आणखी एक शब्द गेला आहे, जाउस्ट. म्हणजे चिलखत घालून, घोड्यावर बसून, भाले रोखून दोन सरदारांनी समोरासमोर एकमेकांवर धावून जायचं, तो खेळ. तर्क सरळ आहे: जवळ आणलं की भिडणारच. ॲडजस्ट आणि जाउस्ट ही सख्खी भावंडं. हे आमच्या डब्यातल्या कुणालाही लॅटिन न शिकता ठाऊक आहे. "जरा ॲडजस्ट करा" आणि "ओ, धक्का कुणाला मारता" यांत सरासरी दीड स्टेशनाचं अंतर असतं.

आणि घाटकोपरला तर मी जवळजवळ उठून उभाच राहिलो (राहिलो असतो तर जागा गेली असती). युक्स्ताच्याही मागे गेलं की जी धातू लागते ती जोडणे या अर्थाची आहे, आणि आपल्या संस्कृतातली युज् तीच. म्हणजे योग तिथूनच. संयोग, योजना, उपयोग तिथूनच. इंग्रजीतलं योक म्हणजे बैलाच्या मानेवरचं जोखड, तेही तिथूनच, आणि आपलं मराठी जू, संस्कृत युग पासून आलेलं, तेही तिथूनच. विमानतळाच्या दुकानात योगाची चटई विकत घेणारा, नांगराला जुंपलेला बैल आणि चौथ्या सीटवरचा मी, तिघं एका कुळातले. बैलाची जागा तेवढी आमच्याहून ऐसपैस.

त्यात एक योगायोग (हाही युज्!) असा की सरकारी मराठीनं ॲडजस्टमेंटला प्रतिशब्द दिला आहे समायोजन. या शब्दाला मी आजवर नाकं मुरडली. पण सम्, आ, योजन असा फोडला तर आत पुन्हा तोच युज् बसलेला. ज्यानं कुणी हा शब्द बसवला त्यानं नकळत शब्दाला त्याच्या आजोळी नेऊन पोचवलं. आजोळी गेल्यावर मात्र शब्द बिघडला. माझी मेहुणी शिक्षिका आहे. तिच्या शाळेत पटसंख्या घटली, ती 'अतिरिक्त' ठरली, आणि तिचं समायोजन झालं. समायोजन झालं म्हणजे दोन एसट्या बदलून जायची शाळा मिळाली. तिला मी समजावून सांगितलं की समायोजन आणि योग एकच. ती म्हणाली, "भावजी, मग शवासन कधी?"

विम्याकडे परत येतो, कारण लॉस ॲडजस्टर डोक्यातून जात नव्हता. त्याचा एक थोरला भाऊ आहे, तो जहाजांच्या धंद्यात असतो. वादळात जहाज वाचवायला काही माल समुद्रात फेकावा लागतो. अशा वेळी ज्याचा माल गेला तो एकटा बुडत नाही. जहाजमालक आणि बाकीचे मालवाले आपापल्या हिश्शानं ते नुकसान वाटून घेतात. कुणाच्या वाट्याला किती हे मांडणारा तो ॲव्हरेज ॲडजस्टर. या हिशेबासाठी यॉर्क-अँटवर्प नियम आहेत, एकोणिसाव्या शतकात ते ठरले आणि पुढे वेळोवेळी सुधारले गेले. वाचता वाचता मला आमचा बाक दिसला. खिडकीवाल्याचा शून्य इंच, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा तीन, बाकीचं नुकसान माझं. बुडतं जहाज सगळ्यांचं, पण नियमावली फक्त समुद्राला.

तसं लोकलला सुरुवातीला हा शब्द लागतच नव्हता. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा 14 डबे होते आणि पाहुणे सुमारे 400. म्हणजे डब्याला 28-29 माणसं. तेवढी आता आमच्या दारात लटकतात आणि आत जागा आहे म्हणतात. आजच्या गर्दीला रेल्वेवाल्यांच्या भाषेत नाव आहे सुपर डेन्स क्रश लोड: चौरस मीटरला 14 ते 16 उभी माणसं. मी घरी सतरंजीवर मीटरभर चौकोन आखून पाहिला. बायको म्हणाली, "अहो, ही काय नवी रांगोळी?" त्या चौकोनात आम्ही दोघं आणि मुलगा उभे राहिलो तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, पाय."

इंग्रजीत ॲडजस्टला सहसा कर्म लागतं, नाहीतर कशाशी ते सांगावं लागतं. चष्मा ॲडजस्ट करा, हवामानाशी करा. आपण कर्म काढून टाकलं. नुसतं करा. काय करा? ते ज्याचं त्यानं ओळखायचं. दुकानदार सुट्ट्या दोन रुपयांऐवजी गोळी हातावर ठेवतो, ॲडजस्ट करा. गॅरेजवाला क्लचची केबल दोन पीळ आवळतो आणि पावणेदोनशे घेतो, ॲडजस्ट केलंय. लग्नाच्या बैठकीत आमचे मामा म्हणाले होते, "मुलगी सगळ्यात ॲडजस्ट होते हो." मुलाबद्दल कुणी हे विचारलं नाही. मुलगा म्हणजे त्यावेळी मी. आणि सर्वांत बेरकी रूप म्हणजे "होईल ॲडजस्ट". याला कर्म नाही आणि कर्ताही नाही. मांडववाला, आचारी, हॉलचा मॅनेजर तिघं एका सुरात म्हणतात, 'होईल ॲडजस्ट'. मग पंगतीला पन्नास पानं जास्त बसतात आणि जिलबी आपल्या ओळीच्या आधी संपते.

या सगळ्याला आपल्याकडे शब्द नव्हते असं नाही. सांभाळून घ्या, जुळवून घ्या, निभावून घ्या, सरकून घ्या. पण यांत 'घ्या' आहे, घेणाऱ्यावर बोजा आहे, म्हणताना जीभ अडखळते. मला आवडणारा शब्द आमच्या गल्लीतल्या शिंप्याचा आहे. पँट शिवून देताना कमरेच्या आतली जादा पट्टी उलटून दाखवतो आणि सांगतो, "दोन इंच माया ठेवलीय. पोट सुटलं की या, उसवून देतो." माया! शिवणात राखून ठेवलेल्या जादा कापडाला मराठी शिंपी माया म्हणतो. लोकलचा बाक ज्यानं आखला त्यानं मापं काटेकोर घेतली आणि माया ठेवायला विसरला.

हे सगळं डोक्यात घेऊन मी माहितीपत्रक पुरं केलं. अकराच्या अकरा जागी समायोजन लिहिलं, एकाच हातानं, ताठ मानेनं. जादा रकमेचं समायोजन, दाव्याचं समायोजन, आरशाचंसुद्धा समायोजन.

संध्याकाळी परतीच्या गाडीत, पुन्हा चौथ्या सीटवर, फोन आला. एजन्सीतली मुलगी होती.

"सर, क्लायंटचं म्हणणं आहे समायोजन फार जड वाटतंय. लोकांना कळत नाही."

मी तिला युक्स्ता सांगितलं. युज् सांगितलं. बैल सांगितला. शीव स्टेशन गेलं. पलीकडे शांतता होती. इकडे मात्र सगळा कोपरा ऐकत होता, आणि खिडकीवाल्यानं सहा महिन्यांत प्रथमच पेपर खाली केला.

"हो सर, छानच आहे," ती म्हणाली. "पण तेवढं जरा ॲडजस्ट करून द्याल का? रात्रीपर्यंत?"

"म्हणजे दुसरा शब्द घालू?"

"नाही, हाच घाला ना. ॲडजस्ट."

"आणि या जादा कामाचे पैसे?"

"ते पुढच्या बिलात होतील ॲडजस्ट, सर."

मी फोन खिशात ठेवायला गेलो तर खिसा तिसऱ्याच्या मांडीखाली होता. एवढ्यात कुर्ला आलं, लोंढा चढला, आणि त्यातून एक हात पुढे येऊन माझ्या गुडघ्यावर दोनदा वाजला.

"काका, जरा."

चौथ्याच्या पलीकडे पाचवा. शब्दही अर्धाच उच्चारलेला, उरलेला मी समजून घ्यायचा. मी वर पाहिलं. सकाळचे, मागे उभं राहून वाचणारे गृहस्थ होते. त्यांना आता व्युत्पत्ती ठाऊक होती.