पळसाला पाने तीनच, आणि पांगाऱ्यालाही!

आयुष्यात एकदाच मी चारचौघांत एका झाडाचं नाव छातीठोकपणे सांगितलं आणि ते बरोबर निघालं. पळस होता तो. त्या एका पळसाच्या जोरावर नात्यागोत्यात माझ्यावर 'यांना झाडांतलं कळतं' असा शिक्का बसला, तो बसलाच. आता फुलांचे दिवस आले की मेव्हणीचा फोन ठरलेला. "भाऊजी, फोटो पाठवलाय, कसलं झाड आहे बघा ना." फोटोत भरपूर आकाश, दोन विजेच्या तारा आणि कोपऱ्यात एक लालसर डाग.

लाल डाग म्हटलं की उमेदवार तीन. पळस, पांगारा नाहीतर काटेसावर. तिघंही ऐन फुलायच्या वेळी पानं झाडून उभे राहतात. आणि झाडं ओळखायची पुस्तकं पहिला प्रश्न विचारतात तो पानांचाच! 'पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक?' अहो, पान दिसलं असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? पुढे पालवी फुटते तोवर फुलांचा पत्ता नसतो. माणूस हजर तर ओळखपत्र गायब, आणि ओळखपत्र सापडेपर्यंत माणूस गायब.

तरी माझ्याकडे एक हुकमी खूण होती. पळसाला पाने तीनच. लहानपणापासून ऐकत आलेली म्हण, ती कशाला दगा देईल? दिला. पांगाऱ्यालाही एका देठावर तीनच पर्णिका असतात. दोघंही शेंगांच्या कुळातले, म्हणजे चुलतभाऊच. म्हण रचणाऱ्यानं पांगाऱ्याकडे मान वळवून पाहिलंच नसावं. मला तो फरक एका फांदीनं शिकवला. कौतुकानं तिच्यावर हात ठेवला आणि तळव्यात दोन बारीक काटे घुसले. पळसाला काटे नसतात. ही माहिती मी आता विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

पळसाचं फूल मात्र हातात घेऊन बघावंच. देठाशी काळसर मखमली टोपी, तिच्यातून बाहेर आलेल्या केशरी पाकळ्या आणि त्यातली एक अगदी राघूच्या चोचीसारखी बाकदार. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात. किं शुक? म्हणजे, हा पोपट की काय? थोडक्यात, पूर्वजांनाही नक्की सांगता येत नव्हतं. फरक इतकाच की त्यांनी आपली शंकाच नाव म्हणून खपवली. मला ती सोय नाही.

काटेसावर ओळखायला सोपी, असं सगळे म्हणतात. खोडावर शंकूसारखे जाड काटे. पण मी गाठलेलं झाड म्हातारं होतं, आणि वय झालं की बुंध्यावरचे काटे झिजतात. म्हणून काटे शोधत मान मागे टाकून वर पाहत राहिलो. तेवढ्यात एक फूल सुटलं. सावरीचं फूल पाकळी पाकळी करून गळत नाही. पाच मांसल पाकळ्या आणि मधला पुंकेसरांचा झुबका असं सगळं एकदम, बॅडमिंटनच्या शटलसारखं खाली येतं. ते थेट चष्म्यावर आलं. चष्मा पुसेपर्यंत त्यातल्या मुंग्या कॉलरच्या आत पोचल्या होत्या. झाड सावरीचंच, याबद्दल मग माझ्या मनात काही शंका उरली नाही.

गुलाबी झाडांचं प्रकरण निराळं. तिथे लोकांना उत्तर आधीच माहीत असतं, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मेव्हणीनं नात्यातल्या ग्रुपवर फोटो टाकला. फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेली फांदी, तिला टेकून ती स्वतः, आणि वर मजकूर 'चेरी ब्लॉसम!!' हे झाड मला चक्क येत होतं. गिरिपुष्प. त्याचं आणखी एक मराठी नाव आहे, कारण त्याच्या बिया आणि साल उंदरांना विष म्हणून घालतात. शास्त्रीय नाव ग्लिरिसिडिया, त्याचाही अर्थ तोच. ज्ञान दाखवायच्या घाईत मी तिच्या फोटोखाली एकच शब्द लिहिला, 'उंदीरमारी'.

खुलासा मी लगेच केला, पण तो कोणी वाचला नाही. बायको दोन दिवस बोलली नाही.

ॲपही वापरून झालं. एकाच झाडाचे तीन फोटो दिले, तीन नावं मिळाली. त्यातलं एक वेलीचं होतं.

शेवटी अब्रू राखायला मी बोगनवेलीचा आसरा घेतला. ती कुणालाही ओळखता येते. लेकीला म्हटलं, "बघ, बोगनवेल. किती भडक पाकळ्या आहेत!"

"बाबा, त्या पाकळ्या नाहीत. ती पानं आहेत, रंगीत. फूल ते मधलं, बारीक पांढरं."

मी वाकून पाहिलं. खरंच, गुलाबी कागदाच्या मधोमध टाचणीएवढं पांढरं फूल. म्हणजे जन्मभर झाडांपाशी पानं मागत फिरलो आणि समोर आली तेव्हा त्यांना फूल म्हणालो.

लेकीनं एक झुबका तोडून घेतला आणि मोजायला लागली. "एक, दोन, तीन..." मग माझ्याकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाली, "बाबा, पळस."