‘गोळ्या घरी ठेवा, प्रवासच बरं करेल’: हा सल्ला कुठे कुठे चुकतो

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या खूप फिरतो आहे. त्याचं सार असं: मनाचे आजार रोजच्या रहाटगाडग्यातून येतात, काही महिने बाहेर पडलं की आपोआप ओसरतात. गोळ्यांची सवय मोडायला प्रवासाइतकी चांगली संधी नाही. अगदीच लागल्या तर त्या कुठेही मिळतात, आणि डॉक्टर फोनवर असतोच. आजाराबद्दल कुणाला सांगायची तर मुळीच गरज नाही.

हेतू कदाचित चांगला असेल. पण हे वाचून कुणी लिथियम (बायपोलरचं औषध) किंवा क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाचं औषध) कपाटात ठेवून विमानात बसलं, तर गाठ जिवाशी आहे. म्हणून यातला प्रत्येक मुद्दा तपासायला हवा.

‘प्रवासाने आजार ओसरतो’

जागा बदलली की बरं वाटतं, हे खरं आहे. दमलेल्या माणसाला विश्रांती मिळते, कामाचा ताण सुटतो. मात्र बरं वाटणं आणि आजार आटोक्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नैराश्य, बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य येणारा आजार) किंवा स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा आजार) असलेल्या माणसाची तब्येत तीन साध्या गोष्टींवर टिकून असते: ठरावीक झोप, ठरावीक वेळी औषध, आणि बदल लक्षात येईल इतकं जवळचं माणूस. लांबचा प्रवास नेमक्या याच तिन्ही काढून घेतो.

झोपेचं सगळ्यात महत्त्वाचं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून मनोरुग्ण विभागात दाखल झालेल्या प्रवाशांचा एक अभ्यास 1982 मध्ये प्रसिद्ध झाला होता. पश्चिमेकडे आलेल्यांमध्ये नैराश्य जास्त दिसलं, पूर्वेकडे आलेल्यांमध्ये उन्मादाकडे झुकणारी लक्षणं जास्त. कारण समजण्यासारखं आहे. पूर्वेकडे जाताना रात्र आखूड होते, आणि बायपोलरमध्ये झोप तुटणं हे उन्मादाचं लक्षणही असतं आणि कारणही.

त्यामुळे बायपोलर असलेल्यांनी पूर्वेकडचं रात्रीचं विमान शक्यतो टाळावं. निघण्याआधी तीन-चार दिवस झोपेची वेळ रोज सुमारे एक तास नव्या ठिकाणाच्या दिशेने सरकवावी. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस मोठा कार्यक्रम ठेवू नये. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली आणि तरीही थकवा जाणवत नसेल, तर तिसऱ्या रात्रीची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. झोपेसाठी कोणती गोळी, किती आणि जास्तीत जास्त किती रात्री घ्यायची, हे निघण्यापूर्वी लिहून घ्यावं. ‘नैसर्गिक’ म्हणून मेलाटोनिन (झोपेच्या संप्रेरकाची गोळी) स्वतःहून घेण्याआधीही विचारावं, कारण फ्लुव्हॉक्सामिन ही नैराश्यविरोधी गोळी चालू असेल तर रक्तातलं मेलाटोनिन कितीतरी पटीने वाढतं. विमानातली दारू झोप आणत नाही, ती मोडते.

‘गोळ्या सोडायला हीच योग्य वेळ’

सल्ल्यातला सर्वात घातक भाग हा. गोळी थांबवणं चूकच आहे असं नाही. अनेकांची औषधं योग्य वेळी थांबवली जातात. पण ती हळूहळू, काही आठवडे किंवा महिने घेऊन, आयुष्य स्थिर असताना आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असताना कमी करायची असतात. प्रवासात यातलं काहीच नसतं.

एकदम थांबवल्यावर काय होतं, हे औषधागणिक वेगळं. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यविरोधी गोळ्या शरीरातून लवकर जातात, म्हणून एक-दोन दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, भयंकर स्वप्नं आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना सुरू होऊ शकते. त्याच प्रकारचं फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, त्यामुळे सोडल्यावर सुरुवातीला काहीच होत नाही आणि माणसाला वाटतं, ‘बघा, गरजच नव्हती’. आजार उलटतो तो नंतर, घरापासून दूर असताना. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या चिंता कमी करणाऱ्या गोळ्या बरेच दिवस घेत असाल आणि एकदम बंद केल्या, तर फिट येऊ शकते.

दोन औषधांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे ‘मध्ये सोडली, परत सुरू केली’ हेच धोक्याचं आहे. क्लोझापिनचे 48 तासांहून जास्त डोस चुकले, तर आधीच्याच डोसवर परत जाता येत नाही. रक्तदाब कोसळू शकतो. पुन्हा 12.5 मिग्रॅपासून चढावं लागतं, आणि तेही देखरेखीखाली. लॅमोट्रिजिन (बायपोलर आणि फिटसाठीचं औषध) साधारण पाच दिवसांहून जास्त सुटलं, तर तेही सुरुवातीच्या लहान डोसपासूनच हळूहळू वाढवायचं, नाहीतर जिवावर बेतणाऱ्या पुरळाचा धोका असतो. सोबत कार्बामाझेपिनसारखं, लॅमोट्रिजिन शरीरातून लवकर बाहेर काढणारं औषध असेल, तर ही मुदत आणखी कमी होते. म्हणून सामान हरवलं, उड्डाण रद्द झालं, तीन दिवस अडकून पडलो, या शक्यता धरूनच साठा घ्यावा लागतो.

एखादा डोस विसरला आणि पुढच्या डोसला अजून बराच वेळ असेल, तर आठवताच घ्यावा. वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावा. दुप्पट कधीच घेऊ नये. घड्याळ बदलल्यावर दिवसातून एकदाची बहुतेक नैराश्यविरोधी गोळी स्थानिक सकाळी घेतली, तर मध्ये सहा-आठ तास पुढेमागे झाल्याने सहसा बिघडत नाही. लिथियम किंवा दिवसातून दोन-तीनदा घ्यायच्या गोळ्यांचं वेळापत्रक मात्र डॉक्टरांकडून लिहूनच न्यावं. असर अनेक आठवडे टिकणाऱ्या इंजेक्शनवर असाल तर तारखांभोवती प्रवास आखा: स्किझोफ्रेनियासाठीचं महिन्यातून एकदाचं पॅलिपेरिडोन ठरल्या तारखेच्या सात दिवस अलीकडे-पलीकडे देता येतं, तीन महिन्यांचं दोन आठवडे अलीकडे-पलीकडे. लांबच्या प्रवासासाठी अशी इंजेक्शनं खूप सोयीची ठरतात. मात्र गोळीवरून इंजेक्शनवर जायचं असेल, तर ते निघण्याच्या काही महिने आधी व्हायला हवं.

‘लागल्या तर कुठेही मिळतात’

नाही मिळत. मिळाल्याच तर त्याच नावाने मिळत नाहीत. व्हॉर्टिऑक्सेटिन ही नैराश्यविरोधी गोळी युरोपात ‘ब्रिंटेलिक्स’ आहे; अमेरिकेत 2016 मध्ये त्याचं नाव बदलून ‘ट्रिंटेलिक्स’ केलं गेलं, कारण ‘ब्रिलिंटा’ या रक्त पातळ करणाऱ्या औषधाशी गल्लत होत होती. म्हणून चिठ्ठीवर ब्रँड नको, मूळ औषधाचं नाव, मिग्रॅ आणि दिवसातून किती वेळा, एवढं हवंच. ते साधं आहे की सावकाश विरघळणारं, हेही लिहिलेलं असावं. लिथियम आणि क्वेटियापिनमध्ये या फरकाने रक्तातली पातळी बदलते.

कायद्याचा भाग याहून कडक आहे. ॲम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य असलेली एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराची) औषधं चिठ्ठी असली तरी जपानमध्ये नेता येत नाहीत. बाकीची चिठ्ठीवरची औषधंही तिथे साधारण एका महिन्याच्या साठ्यापर्यंतच विनापरवाना चालतात, त्यापुढे आधी परवानगी लागते. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित (सवय किंवा गैरवापराच्या भीतीने कायद्याने बंधनं घातलेल्या) औषधांसाठी निघण्याआधी ऑनलाइन मंजुरी घ्यावी लागते. डायझेपाम, अल्प्राझोलाम आणि एडीएचडीचं मेथिलफेनिडेट ही मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांवरच्या 1971 च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, आणि अनेक देश अशा औषधांचा 30 दिवसांपर्यंतचाच साठा सोबत नेऊ देतात. आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर देशवार नियम आहेत. फक्त मुक्कामाच्या नव्हे, तर जिथे विमान बदलताना इमिग्रेशन ओलांडणार त्या देशाचेही नियम पाहा. निदान सहा आठवडे आधी.

गोळ्या मूळ पाकिटात, नावाच्या लेबलासह, हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅगेत काहीच नको. प्रवासाचे दिवस अधिक दोन आठवडे, एवढा साठा नियम परवानगी देत असतील तर घ्यावा आणि तो दोन जणांच्या हातातल्या बॅगांमध्ये विभागावा. नियंत्रित औषधं मात्र ज्याच्या नावाची चिठ्ठी त्याच्याकडेच. आठवड्याचे कप्पे असलेली डबी मुक्कामावर वापरा, सीमा ओलांडताना नाही.

सल्ल्यात जे आलंच नाही

ऊन, जुलाब, उंची आणि मलेरिया. यांचा मनाच्या औषधांशी थेट संबंध आहे, आणि त्याबद्दल हा सल्ला एक अक्षर बोलत नाही.

लिथियम शरीरात साठतं की बाहेर पडतं, हे पाणी आणि मिठावर अवलंबून असतं. उष्ण प्रदेशात घाम गेला, जुलाब-उलट्या झाल्या, किंवा कुणी मीठ एकदम बंद केलं, तर मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. अंगदुखीसाठी घेतलेली आयबुप्रोफेन हेच करते. त्याऐवजी पॅरासिटामॉल घ्यावं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोबडं बोलणं, गोंधळणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. पुढचा डोस घेऊ नका, थेट रुग्णालय गाठा. रक्ततपासणी शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी करायची असते, आणि हे परक्या प्रयोगशाळेत आपल्यालाच सांगावं लागतं. निघण्याआधीचा पातळीचा अहवाल सोबत ठेवा, म्हणजे तुलना करता येते.

ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारखी स्किझोफ्रेनियाची औषधं शरीराची उष्णता सांभाळण्याची यंत्रणा मंदावतात. भर दुपारी लांब चालण्याचा बेत त्यांच्यासोबत धोक्याचा आहे. अडीच हजार मीटरच्या वर झोपेच्या गोळ्यांनी श्वास आणखी उथळ होऊ शकतो. उंचीच्या त्रासासाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइड लिथियमची पातळी खाली आणते, म्हणजे इथे उलटा धोका, आजार डोकं वर काढण्याचा.

मेफ्लोक्विनबद्दल स्पष्टच सांगतो. मलेरिया टाळण्यासाठीच्या या गोळीवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये सर्वात कडक इशारा लावला, कारण तिने चिंता, भास आणि नैराश्य येऊ शकतं. मानसिक आजाराचा इतिहास असेल तर ती प्रतिबंधासाठी घ्यायचीच नाही. पर्याय आहेत: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन. कार्बामाझेपिन घेत असाल तर डॉक्सिसायक्लिनचा असर कमी होतो, तेही सांगा. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती अनेक देशांत चिठ्ठीविना मिळते; एसएसआरआय गटाच्या (फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिनसारख्या) नैराश्यविरोधी गोळ्यांसोबत ती घेऊ नये.

‘डॉक्टर फोनवर असतोच’

असतो, पण त्याच्या मर्यादा आहेत. अनेक ठिकाणी थेरपिस्टचा परवाना ‘रुग्ण त्या क्षणी कुठे बसला आहे’ यावर ठरतो, म्हणून सत्र घेता येईल का हे आधी विचारावं. घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी परदेशातलं औषधाचं दुकान सहसा मानत नाही. युरोपीय संघातल्या देशांना आपसात ही सवलत आहे. आणि आत्महत्येचे विचार येत असतील, तेव्हा दहा हजार किलोमीटरवरचा फोन रुग्णवाहिका पाठवू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक लांब मुक्कामाच्या गावातलं, रात्री चालू असलेलं आणि मनोरुग्ण विभाग असलेलं एक रुग्णालय आणि तिथला आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहून ठेवा. फोनची बॅटरी संपते, कागद संपत नाही. सत्रांची वेळ दोन्हीकडच्या घड्याळांत लिहा, आणि पहिलं सत्र पोहोचल्यावर आठवड्याभरातच ठेवा. ‘गरज वाटली तर’ असं ठेवलं की ते होत नाही.

‘कुणाला सांगू नका’

सगळ्यांना सांगायची गरज नाही, हे मान्य. पण तिघांना सांगावंच लागतं. पहिली विमा कंपनी: आजार लपवला तर दावा नाकारला जाऊ शकतो. मानसिक आजारामुळे दाखल व्हावं लागलं तर खर्च मिळेल का, आणि सोबतीसह घरी आणण्याचा खर्च धरला आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारून उत्तरही लेखी घ्या. दुसरा सोबती, किंवा एकटे असाल तर घरचं एक माणूस. त्याला तुमची पहिली तीन लक्षणं माहीत हवीत, उदाहरणार्थ झोप कमी, खर्च वाढलेला, फोन न उचलणं. आणि तुमच्या डॉक्टरांशी थेट बोलायची लेखी परवानगी हवी. तिसरा, गरज पडल्यास, परका डॉक्टर. त्याच्यासाठी एका पानाचं पत्र इंग्रजीत आणि जमल्यास तिथल्या भाषेत न्यावं: निदान, सध्याची औषधं आणि डोस, कोणत्या औषधाची ॲलर्जी, पूर्वी कशाने फायदा झाला आणि कशाने बिघडलं, शेवटच्या रक्ततपासण्या, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही आणि संपर्क. सीमेवर औषधं विचारली गेली तरी हेच पत्र चालतं, म्हणून त्याच्या दोन प्रती करा: एक पासपोर्टसोबत, एक औषधांसोबत.