‘एआय आलं, आता सीपीआर शिकायला नको’: या दाव्यातलं काय टिकतं?

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फोनमधलं एआय कॅमेऱ्यातून बघून सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) शिकवतं, त्यामुळे मॅनिकिन (सरावासाठीचा पुतळा) नको आणि प्रशिक्षकही नको, हृदय बंद पडल्याचं एआय माणसाच्या आधी ओळखतं, आणि वेळ आलीच तर तेच कानात पायऱ्या सांगेल, मग आधी शिकायचं कशाला? यात थोडं खरं मिसळलेलं आहे, आणि त्यामुळेच तो पटकन पटतो. सीपीआर मिळाला नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. हे वाचून कुणी शिकायचं टाळलं, तर ती मिनिटं जमिनीवर पडलेल्या माणसाची जातील. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

पहिला दावा, कॅमेरा असताना मॅनिकिन नको. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर दाबायची असते, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची असते. यातला वेग कॅमेरा खरोखर चांगला मोजतो. सेकंदाला ३० चित्रं टिपणाऱ्या साध्या फोनला मिनिटाला ११० च्या वेगात एका दाबामागे सुमारे १६ चित्रं मिळतात, आणि हात किती वेळा खाली गेला हे मोजायला तेवढी पुरतात. खोलीचं तसं नाही. योग्य खोलीची मर्यादा उणीपुरी १ सेंटीमीटरची, म्हणजे चूक काही मिलिमीटरच्या आत राहायला हवी. एकाच कॅमेऱ्याला चित्रातल्या अंतराचे सेंटीमीटर करायचे तर चौकटीत एखादं ठाऊक असलेलं माप लागतं. फोन जरा तिरका झाला किंवा दाबणारा पुढे सरकला की हिशेब बिघडतो.

शिवाय कॅमेऱ्याला दिसतो तो हात, छाती नव्हे. गादीवर छाती ३ सेंटीमीटर दबली आणि गादी ३ सेंटीमीटर खचली, तर हात ६ सेंटीमीटर खाली गेलेला दिसतो आणि पडद्यावर हिरवा दिवा लागतो. मनगटी घड्याळातला सेन्सरही इथेच फसतो. तो हाताचा प्रवेग मोजून त्यावरून अंतर काढतो, आणि गादी खचली तरी हात हललेला असतोच. म्हणून काही उपकरणांत एक सेन्सर छातीवर, दुसरा पाठीखाली ठेवून दोन्हींतला फरक घेतात.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे अंगाचा भार. थकलेला माणूस हात उचलतो असं वाटतं, पण थोडं वजन छातीवर तसंच राहू देतो. छाती पूर्ण वर येत नाही, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि पुढच्या दाबाला बाहेर ढकलायलाच कमी उरतं. मॅनिकिनच्या आतला सेन्सर हे पकडतो. चित्रात ते जवळजवळ दिसत नाही.

शरीराला प्रतिकाराची सवय लागावी लागते, हे नेदरलँड्समधल्या एका चाचणीत स्पष्ट दिसलं. २०१८ मध्ये एका संगीत महोत्सवात एका गटाला २० मिनिटं आभासी वास्तवाच्या अ‍ॅपवर, उशी दाबायला लावून शिकवलं. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ प्रशिक्षकाने समोरासमोर शिकवलं. मग दोघांची परीक्षा मॅनिकिनवर घेतली. वेग जवळपास सारखा आला: अ‍ॅपच्या गटाचा मिनिटाला ११४, समोरासमोर शिकलेल्यांचा १०९. खोली मात्र अ‍ॅपच्या गटाची सरासरी ४९ मिलिमीटर, समोरासमोर शिकलेल्यांची ५७. त्या अ‍ॅपमध्ये एआय नव्हतं, पण प्रश्न तोच आहे. ठेका कानाने शिकता येतो. किती जोर लावायचा हे हात आणि खांदेच शिकतात, आणि त्यासाठी खाली छातीसारखी उलटा जोर देणारी वस्तू लागते.

दुसरा दावा, प्रशिक्षक नको. इथे एआयचं एक श्रेय आधी मान्य करायला हवं. खोली डोळ्यांनी नीट ओळखता येत नाही, अनुभवी प्रशिक्षकालाही नाही, आणि सेन्सरचा आकडा त्याच्या अंदाजापेक्षा भरवशाचा असतो. पण आकडा म्हणजे कारण नव्हे. ‘आणखी खोल दाबा’ ही एकच सूचना निदान पाच वेगळ्या चुकांना मिळते: कोपर वाकलेले, गुडघे लांब टेकल्याने खांदे हातांच्या सरळ वर नाहीत, तळहाताची टाच उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागाऐवजी बाजूच्या फासळ्यांवर, वेग १२० च्या पुढे गेल्यामुळे प्रत्येक दाब अर्धवट, किंवा नुसता थकवा. कोपर वाकल्याचं शरीराची ठेवण ओळखणारं सॉफ्टवेअर सांगू शकेल, बाकीचंही काही प्रमाणात जमेल, आणि ते जमायला हवंच. मात्र फासळी मोडेल या भीतीने कुणी मुद्दाम हलकं दाबत असेल, तर ते त्याला विचारल्यावरच कळतं. फासळ्या मोडू शकतात, तरी थांबायचं नाही, हे समोरच्या माणसाकडून ऐकल्यावर हात मोकळे होतात.

तिसरा दावा, एआय आधी ओळखतं. याला आधार आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. कोपनहेगनच्या आपत्कालीन कॉलच्या जुन्या ध्वनिफितींवर एआय चालवून पाहिलं, तेव्हा त्याने हृदय बंद पडल्याचे जास्त प्रसंग ओळखले, थोडे लवकरही. सोबत खोट्या सूचनाही जास्त दिल्या. हा अभ्यास २०१९ चा. मग तिथेच प्रत्यक्ष कॉल सुरू असताना निम्म्या वेळा एआयची सूचना कॉल घेणाऱ्याला दाखवली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, सूचना मिळालेल्या कर्मचाऱ्यांच्या ओळखण्यात लक्षणीय सुधारणा आढळली नाही. सूचना येणं आणि माणसाने त्यावर कृती करणं यांतल्या दरीवर सरावानेच पूल बांधता येतो. सर्वांत जास्त फसवतात ते आचके. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं माणूस अधूनमधून आचके देतो, आणि फोनवर घाबरलेला नातेवाईक सांगतो, ‘श्वास चालू आहे.’ एआयकडून रुग्णाच्या नातेवाइकाचं बोलणं वदवून घेऊन कॉल घेणाऱ्यांना असे शेकडो संवाद सरावासाठी देता येतील. आमच्या मते एआयचा सर्वांत चांगला वापर इथेच होईल.

राहिला शेवटचा दावा, तेच कानात सांगेल. फोनवरून मार्गदर्शन घेऊन न शिकलेला माणूसही छाती दाबू शकतो. हे एआयच्या खूप आधीपासून होत आलं आहे आणि त्याने जीव वाचतात. पण शिकलेला माणूस फोन स्पीकरवर टाकता टाकता दाबायला सुरुवात करतो, न शिकलेल्याला आधी प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. मोकळेपणी उत्तरं रचणाऱ्या भाषा-मॉडेलचा धोका आणखी वेगळा. त्याने वाचलेल्या मजकुरात जुने नियमही असतात. २००५ पूर्वी प्रौढांसाठी १५ दाबांना २ श्वास होते, आता ३० ला २ आहेत. २०१० पूर्वी खोली ४ ते ५ सेंटीमीटर सांगत. ६ सेंटीमीटरची आणि १२० ची वरची मर्यादा अमेरिकी नियमांत २०१५ मध्ये आली. सामान्य माणसाने नाडी शोधत बसू नये हे ठरून वीसहून अधिक वर्षं झाली, तरी जुन्या पानांवर नाडी आहेच. म्हणून प्रसंगाच्या वेळी बोलणाऱ्या यंत्राचे शब्द तज्ज्ञांनी आधी ठरवून कुलूपबंद केलेले हवेत. एआयने त्यातून योग्य ओळ निवडावी, नवी रचू नये.

मग एआयने वर्गात काय करावं? सरावाची वेळ ठरवावी. सीपीआरचं कौशल्य ३ ते ६ महिन्यांत उतरू लागतं, आणि प्रमाणपत्राची मुदत साधारण दोन वर्षांची असते. दर तीन महिन्यांनी मॅनिकिनवर दोन मिनिटांचा सराव, प्रत्येकाचे खोली, वेग, छाती पूर्ण वर येण्याचं प्रमाण आणि दाबांमधले खंड असे चार आकडे साठवलेले, आणि कुणाचं काय घसरतंय त्यावरून पुढची तारीख ठरवणारं मॉडेल, एवढं आजच्या साधनांत होतं. दोन मिनिटंच का, तर साधारण तेवढ्यात दाबणारा थकतो, त्याला स्वतःला जाणवण्याआधी खोली कमी होते, आणि म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो.

अशी व्यवस्था घेताना चार गोष्टी विचारून घ्या. खोलीचा सेन्सर मॅनिकिनच्या आत आहे का? छाती पूर्ण वर आल्याचा आकडा वेगळा दिसतो का? कोणत्या वर्षीचे नियम भरले आहेत आणि ते बदलता येतात का? पडदा बंद करता येतो का? हा चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. मेट्रोनोमचा (ठेका देणाऱ्या यंत्राचा) आवाज ऐकत आणि रंगीत पट्टी बघत शिकलेले हात पट्टी गेली की भरकटतात. म्हणून पहिले ३० दाब पडद्याशिवाय, मधले पडदा बघून, आणि शेवटची पूर्ण दोन मिनिटं पुन्हा पडद्याशिवाय घ्यावीत. नोंद मात्र तिन्हींची ठेवावी. आणि प्रत्येक सत्राआधी मॅनिकिनची छाती मोजपट्टी लावून ५ सेंटीमीटर दाबून पाहावी. स्प्रिंग सैल होते, सेन्सरचा शून्यबिंदू सरकतो, आणि मग एआय चुकीच्या आकड्यांवरून अगदी ठामपणे चुकीचं शिकवतं.