मामा, हात खिशात!

नाटकवाल्या माणसाला लंडनमध्ये दाखवायचं काय, हा प्रश्न आमच्या भाच्यानं परस्पर सोडवून टाकला. राजवाडा नको, मेणाचे पुतळे नकोत. त्यानं थेम्सकाठच्या नॅशनल थिएटरची बॅकस्टेज टूर बुक केली. म्हणजे पैसे भरून विंगेत जायचं! सोलापुरात विंगेत यायला तिकीट लावलं असतं तर आमच्या संस्थेचं कर्ज कधीच फिटलं असतं. आमच्या प्रयोगाला समोर बसतात त्याहून जास्त माणसं विंगेत उभी असतात, आणि त्यातली निम्मी कोणाची कोण हे शेवटपर्यंत कळत नाही.

इमारत बाहेरून नुसतं काँक्रीट. डेनिस लॅस्डन यांनी आखलेली, 1976 साली उघडलेली. लंडनच्या मधोमध, कोणी हरकत न घेता, अणुऊर्जा केंद्र उभारायची ही हुशार युक्ती आहे, अशा अर्थाचं प्रिन्स चार्ल्स 1988 साली बोलून गेले होते. मला तर इमारत आवडली. गिरण्यांच्या चिमण्या बघत वाढलेल्या माणसाला त्यात काय वाटायचंय!

आत शिरताना गाईडबाईंनी अंगात घालायला पिवळं जाकीट दिलं. फोटो काढायचे नाहीत, रेघ ओलांडायची नाही आणि कशालाही हात लावायचा नाही, असं तिघा-चौघांकडे बघत गोड आवाजात सांगितलं. भाच्यानं मात्र फक्त माझ्याकडे बघितलं.

"मामा, हात खिशात."

आता माझी अडचण समजून घ्या. हौशी रंगभूमीवर संध्याकाळचा राजा दुपारी टेम्पोतून फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या खोट्या भिंती, उतरवत असतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवशी हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात सकाळपासून लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, ओढून ओढून नटाचे हात असे भरून येतात, की रात्री त्यानं नायिकेचा हात धरला तरी तिला घट्टे टोचतात. एवढी वर्षं हे केल्यावर फ्लॅटला टेकू देणारी ब्रेस तिरकी दिसली की पाय आपोआप तिकडं वळतो. तिथं तर तिरकं काही नव्हतंच, तरी हात शिवशिवत होते. एका फ्लॅटच्या मागच्या बाजूला सुतारकाम इतकं नेटकं होतं, की आम्ही तीच बाजू प्रेक्षकांकडे केली असती.

"मामा, हात!"

मग त्यांनी ऑलिव्हिए थिएटर दाखवलं. साडेअकराशेच्या आसपास खुर्च्या, आणि रंगमंचाच्या पोटात पाच मजली उंचीचा ड्रम. तो फिरतो, त्यातले प्लॅटफॉर्म वर-खाली होतात, अख्खं घर खालून वर येतं. फिरता रंगमंच आम्हाला नवा नाही. 'तो मी नव्हेच'मुळे तो मराठी प्रेक्षकांनी 1962 सालीच पाहिला. आमच्या संस्थेनंही एकदा केला होता. खाली चाकं आणि आत दडून ढकलायला पोरं. त्यातल्या एकानं ऐनवेळी उलट्या बाजूनं जोर लावला आणि कोर्टाच्या जागी स्वयंपाकघर आलं. आरोपीनं गॅसच्या शेगडीला हात जोडून कबुलीजबाब दिला. परीक्षकांना ते प्रतीकात्मक वाटलं.

"हे यंत्र सुरुवातीची बरीच वर्षं धड चालत नव्हतं," गाईडबाई म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की तो लपवायला खोकावं लागलं.

पुढे एन्ट्रीचे दिवे. विंगेत लाल दिवा लागला की तयार राहायचं, हिरवा लागला की आत जायचं. आमच्याकडे हे काम पाठीत बसणारा गुद्दा करतो, आणि तो लोडशेडिंगमध्येही चालतो. नटांना 'अर्धा तास राहिला' ही सूचना प्रयोगाच्या पस्तीस मिनिटं आधी देतात, हेही तिथंच कळलं. नट पाच मिनिटं आधी जागेवर हवेत, म्हणून तो हिशोब. आमची तिसरी घंटा प्रमुख पाहुण्यांची गाडी वळल्यावर होते. ती कुठून वळली आहे, यावर सगळं अवलंबून.

विंगेत शिटी वाजवायची नाही, असा तिकडचा जुना दंडक आहे. पूर्वी दोर ओढायला खलाशी असत, त्यांचे इशारे शिटीवर चालत, त्यामुळे भलत्या वेळी वाजवली तर जंगलाचा पडदा थेट डोक्यावर यायचा, असं सांगतात. शिवाय शेक्सपिअरच्या त्या स्कॉटलंडातल्या राजाच्या नाटकाचं नावही थिएटरात घ्यायचं नाही. झालं! मी आयुष्यात कधी शिटी वाजवली नाही, पण तेव्हापासून ओठ आपोआप गोल व्हायला लागले, आणि ते नाव तर पुढचा अर्धा तास जिभेच्या टोकावर उभं होतं. हात खिशात, तोंड बंद. पैसे देऊन घेतलेली एवढी कडक शिक्षा दुसरी नसेल.

नाटकाला लागणाऱ्या वस्तू ते तिथंच बनवतात. भाजलेली कोंबडी बघून तोंडाला पाणी सुटलं, निघाली स्पंजची. या बाबतीत मात्र आम्ही पुढे. आमच्या जेवणाच्या प्रसंगाला खरी कडक भाकरी असते. दौरा संपेपर्यंत टिकते, आदळआपटीला वाजतेही छान, आणि शेवटच्या प्रयोगानंतर आमटीत कुस्करून खाता येते. स्पंजच्या कोंबडीचं पुढं काय करणार?

पण जीव जळला तो प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंच्या, टेबलावर. साधं टेबल, त्यावर कागद, कागदावर चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात नाव लिहिलेलं. पिस्तुलाच्या जागी पिस्तूल, पत्राच्या जागी पत्र. एक चौकोन रिकामा दिसला की वस्तू कोणीतरी रंगमंचावर नेली आहे हे कळतं. एवढंच. ड्रमला कोट्यवधी लागतील. याला एक खडू लागतो.

परत आल्यावर पहिल्याच तालमीला मी टेबल मांडून चौकोन आखले. मंडळींनी शांतपणे बघून घेतलं.

"बाकी सगळं राहू दे ओ," आमचे नेपथ्यवाले अण्णा म्हणाले, "तिथं चहा कितीला?"

मी पौंडाचे रुपये करून सांगितले. विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी तलवारीच्या चौकोनात वडापावचा कागद होता, पत्राच्या चौकोनात अण्णांचा चष्मा. तलवार कुठं गेली विचारलं, तर पोरगं म्हणालं, "खिडकीला लावलीय की, वाऱ्यानं आपटायली होती." आणि मी ओरडायच्या आत त्यानं खडू घेऊन वडापावच्या कागदाभोवती व्यवस्थित रेघ मारली, वर नावही लिहिलं.